माहेर शोधणारं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. तसं माझं वय फार नाही, पण माझ्या अंगावरचे चहाचे डाग, हळदीची बोटं आणि दुमडलेले कोपरे पाहिलेत, तर तुम्हीही मला जुनंच म्हणाल. माझं नाव ‘आपली माणसं शोधताना’. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, ‘घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी’. मी कथा नाही, कविता नाही. आपले पणजोबा कोण, ते कुठून आले, हे ज्यांना जाणून घ्यायचं असतं त्यांना मी वाट दाखवतो.

माझा जन्म धुळ्यातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. मला लिहिलं ते एका निवृत्त शिक्षकांनी. गावोगाव फिरून, लोकांची घराणी शोधून देऊन जे शिकले, ते त्यांनी माझ्यात उतरवलं. नारिंगी मुखपृष्ठ चढवून मला भावंडांसोबत गठ्ठ्यात बांधलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! वाटलं, आता घराघरांत आपला मान होणार.

झालं भलतंच. जळगावच्या प्रकाशचंदजी नावाच्या कापड व्यापाऱ्यांनी माझ्या काही प्रती नातेवाइकांना भेट द्यायला विकत घेतल्या. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, त्यामुळे त्यांना या विषयाची भारी हौस. पण नातेवाईक मला हातात घेऊन म्हणत, “छान आहे हो,” आणि तिथेच विसरून जात. मी दुकानाच्या फळीवर साड्यांच्या खोक्यांमागे पडून राहिलो. धूळ खाणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

एके दिवशी प्रकाशचंदजी मला कुणाला तरी द्यायला घेऊन निघाले आणि रिक्षातच विसरले. रिक्षा होती अभिमन नावाच्या माणसाची. पंचेचाळिशीचा, बोलका, हसरा गडी. तो प्रामाणिकपणे मला परत द्यायला दुकानात गेला. प्रकाशचंदजी म्हणाले, “राहू द्या भाऊ, माझ्याकडे अजून आहेत. तुम्हीच वाचा. नाही तरी इथे कोण वाचतंय!”

अभिमनने मला सीटखाली, जॅक आणि फडक्याशेजारी ठेवलं. गिऱ्हाईक नसलं की तो मला काढून वाचू लागला. मित्रांनो, माझं पान कुणीतरी पहिल्यांदा मनापासून उलटत होतं. माझा आनंद काय सांगू!

पण तो मला गंमत म्हणून वाचत नव्हता. त्याच्या मनात एक गोष्ट बरीच वर्षं रुतून बसली होती. त्याच्या आईला, मंजाबाईंना, माहेर नव्हतं.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो, मग माहेरी झोके, गाणी, आमरस-पुरणपोळी. गल्लीतल्या सगळ्या बाया पिशव्या भरून जात, आणि मंजाबाई दारात उभ्या राहून त्यांना निरोप देत. त्यांची आई त्या अगदी तान्ह्या असतानाच वारली. त्या तीन-चार वर्षांच्या झाल्यावर अमळनेरच्या मावशीने त्यांना आपल्या घरी नेलं. पुढे मावशीचं कुटुंब जळगावला आलं. मावशीने लाड केले, लग्न लावून दिलं, पण मूळ गावाचं नाव मात्र मरेपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, “हेच तुझं माहेर.” मावशी गेली आणि तेही दार बंद झालं.

अभिमनने माझं पहिलं प्रकरण वाचलं आणि सरळ आईसमोर जाऊन बसला.

“आई, तुझं गाव कोणतं होतं? आठव ना.”

“माले काय मालूम, भाऊ! मावशीनी कधी सांगंच नही,” मंजाबाई म्हणाल्या, आणि भाकरी थापत राहिल्या.

मग त्याने माझं दुसरं प्रकरण वाचलं. त्यात सरकारी नोंदी कशा शोधाव्यात ते दिलं होतं. तो अमळनेरला जाऊन आला. पण आईच्या वडिलांचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, जन्मसाल अंदाजे. नोंद सापडणार कशी? तिथला कारकून भला होता, पण त्याने हात जोडले. अभिमन घरी आला आणि त्याने मला टेबलावर आपटलं.

“पुस्तकं लिहिणाऱ्यांचं काय जातं!” तो बायकोला म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची बायको सुनंदाबाई मात्र शांत होती. तिने मला उचललं, चुरगळलेलं पान सरळ केलं आणि पुढचं प्रकरण मोठ्याने वाचलं: “ज्यांना नावं आठवत नाहीत, त्यांना नावं विचारू नका. घरातून काय दिसायचं, काय ऐकू यायचं, कशाचा वास यायचा, ते विचारा. लहान मुलाला गावाचं नाव कळत नाही, पण गाव कळतं.”

“तुम्ही परीक्षा घेतल्यासारखं विचारता,” ती नवऱ्याला म्हणाली. “थांबा, मी विचारते.”

दुसऱ्या दिवशी सासूसुना मिरच्यांची देठं काढत बसल्या. मी शेजारीच पाटावर होतो. सुनंदाबाईने सहज विचारलं, “आत्याबाई, लहानपणी सकाळी तुम्हाला जाग कशाने यायची हो?”

मंजाबाईंचा हात थांबला.

“ठणठण,” त्या म्हणाल्या. “सकायपासून ठणठण चाले. आम्हनाच घरमा नही, बठ्ठी गल्ली वाजे.” मग एकदम म्हणाल्या, “आनी दारमा उभं ऱ्हायनं का डोंगरवर भित दिसे. मोठी, काळी भित.”

सुनंदाबाईने ते माझ्याच समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं. संध्याकाळी अभिमनने ते रिक्षास्टँडवर सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणी काही म्हणालं, कुणी काही. चांद नावाचा त्याचा दोस्त मात्र उठून उभाच राहिला.

“अभिमनभाऊ, हे तर सोनगीर आहे! माझे अब्बा कल्हई करायचे. तांब्या-पितळेची भांडी घडवणारी गल्ली सोनगीरलाच. आणि भिंत म्हणजे किल्ला. हायवेवरून दिसतो की!”

“अरे, मी त्या किल्ल्याखालून कितीदा गेलो असेन!” अभिमन म्हणाला, आणि कपाळाला हात लावून हसू लागला.

रविवारी मायलेक आणि सुनंदाबाई एसटीने धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेली. मी सुनंदाबाईच्या पिशवीत होतो. गाडीतून उतरताच मंजाबाईंनी वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. किल्ल्याची भिंत तिथेच होती.

भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत आता आवाज कमी झाला होता. एका दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तोतारामनानांकडे जा. त्यांची एक बहीण लहानपणी मावशीकडे गेली होती म्हणतात. जरा मोठ्याने बोला. आयुष्यभर हातोडा मारून कान गेलेत त्यांचे.”

तोतारामनाना ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, बारीक, ताठ. अभिमनने ओरडून ओरडून सगळं सांगितलं. नाना मान हलवत राहिले.

“मनी बहीन तं मरी गयी,” ते म्हणाले. “बाप तिले आनाले अमळनेरले गया व्हता. घरले कुलूप. शेजारनी सांगं, साथ उनी, घरमातलं लेकरू गयं.”

आतून त्यांची सून बाहेर आली. तिने पाहुण्यांना नीट न्याहाळलं. “इतक्या वर्षांनी आलात,” ती म्हणाली. “घरात वाटाबिटा मागायचा असेल, तर आधीच सांगा.”

सुनंदाबाईने पिशवी घट्ट धरली. माझी पानं आत चुरगळली. अभिमन काही बोलणार, तेवढ्यात मंजाबाईच पुढे झाल्या आणि नानांच्या कानाजवळ वाकल्या.

“साथमा मावशीना पोऱ्या गया. मी नही,” त्या म्हणाल्या. “माले घर नको, वाटा नको. एकच सांग. मनी मायनं नाव काय व्हतं?”

सुनेची मान खाली गेली. एवढ्या लांबून एक म्हातारी आली होती, ती फक्त आपल्या आईचं नाव विचारायला.

“गोजर,” नाना हळूच म्हणाले. “गोजराबाई.”

मंजाबाईंनी ते नाव दोनतीनदा पुटपुटलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, “माले तिनं तोंड याद नही. एवढंच याद शे, मी तांबाना मोठा घंगाळमा बसू, आनी कोनी तरी माले गोल गोल फिरावे.”

नाना खाडकन उभे राहिले.

“कोनी तरी?” ते ओरडले. “अरे, मी फिरावू तुले! मी! उतराले सांगं का तू बोंबलं मारे! आनी तुनं नाव मंजा कोनी ठेवं? तू तं ठकी शेस!”

मग काय विचारता! दोघं म्हातारी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती आणि मधेच हसत होती. सून लगबगीने आत गेली आणि चहा घेऊन आली. तिने मंजाबाईंच्या पायांना हात लावला. “आत्याबाई, मघाचं मनात ठेवू नका,” ती म्हणाली. मंजाबाईंनी तिला जवळ ओढलं. मावशीने गावाचं नाव का लपवलं, मुलीचं नाव का बदललं, तेही आता उलगडलं. स्वतःचं लेकरू गेल्यावर हे दुसरंही कुणी परत नेईल, अशी भीती तिला वाटली असणार. मंजाबाई म्हणाल्या, “तिनीबी माले मायाच दिधी.” कुणाचाच राग उरला नाही.

आखाजीला तोतारामनाना स्वतः जळगावला आले. पोराने “मी जातो” म्हटलं, तर त्याच्यावरच डाफरले. दारात काठी टेकून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “ठके, चाल! तुले लेवाले उनू!” गल्लीतल्या सगळ्या बाया दारात आल्या. मंजाबाई त्यांच्यासमोरून नवी पिशवी घेऊन निघाल्या. त्या दिवशी त्यांची चाल लहान पोरीसारखी होती.

सोनगीरला सणाच्या दुपारी सगळे जेवून बसले, तेव्हा अभिमनने माझं शेवटचं पान उघडलं. तिथे वंशावळ भरायला चौकटी छापल्या आहेत. वर आजोबा, खाली वडील, त्याखाली मुलगे. नानांनी नावं सांगितली, अभिमनने लिहिली. पान भरलं.

“आनी गोजर कथी?” मंजाबाईंनी विचारलं. “मी कथी?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मित्रांनो, खरं सांगतो, मी ओशाळलो. इतरांना आपली माणसं शोधायला शिकवणारा मी, पण माझ्या चौकटींत आई नव्हती, बहीण नव्हती, लेक नव्हती. नानांच्या सुनेनेच मग पेन घेतलं. तिने नानांच्या वडिलांच्या चौकटीशेजारी एक नवी चौकट काढली आणि ‘गोजराबाई’ लिहिलं. तिथून एक रेघ थेट समासापर्यंत नेली आणि ‘ठकूबाई’ लिहिलं. मग कुणी आपल्या आत्याचं नाव सांगितलं, कुणी पणजीचं. जागा संपली तेव्हा एक कोरा कागद माझ्या पाठीला डिंकाने चिकटवला. तो मला माझ्या नारिंगी मुखपृष्ठापेक्षा देखणा वाटतो.

आता मी नेहमीच कुणाच्या ना कुणाच्या घरी असतो. चांद मला घेऊन गेला होता, सध्या मी सोनगीरच्या त्या दुकानदाराकडे आहे. माझी शिवण सुटत चालली आहे. मित्रांनो, मला प्लास्टिकचं कव्हर घातलंत तर मी नको म्हणणार नाही. पण त्याआधी एक करा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ आज थोडा वेळ बसा, आणि त्यांच्या आईचं नाव विचारा. ते नाव ठाऊक असणारं कदाचित तेवढं एकच माणूस उरलं असेल.