घोडी, सायकल आणि दोन पाय

आमच्या बेटावर मोटार नाही. पणजोबांच्या काळात एका पाहुण्याच्या मोटारीला घोडे बुजले, गाडी उलटली, आणि गावानं ठरवलं की ही ब्याद सरोवराच्या पलीकडेच राहू दे. तेव्हापासून इथे घोडा, सायकल, नाही तर आपले पाय. उन्हाळ्यात बोटी भरभरून लोक येतात, ‘काय स्वच्छ हवा!’ म्हणून डोळे मिटतात आणि पुढच्याच पावलाला लिदीत पाय घालतात. मला तेवढीच करमणूक.

अडचण हिवाळ्याची. सरोवर गोठलं की बोटी बंद, आणि पलीकडच्या गावात जायचं तर बर्फावरून. त्यापुरती स्नोमोबाईलला, बर्फावर पळणाऱ्या इंजिनाच्या गाडीला, सूट होती. या वर्षी ग्रामसभेनं तीही काढून घेतली. धूर नको, कलकलाट नको, सगळ्यांनी हात वर केले, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी खानावळीत बसल्यावर एकेकाच्या डोक्यात उजेड पडला की आता पीठ, बटाटे आणि औषधं आणायची कशावरून?

माझं उत्तर तयार होतं. मी कोरली गुड्रो, गाडीवानाची मुलगी आणि स्वतः गाडीवान. माझी डोलोरेस ही पर्शेरॉन जातीची घोडी म्हणजे चार पायांवर उभं केलेलं कपाट. तिला स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी, जोडली की अख्ख्या गावाचा बाजार एका खेपेत येतो. पण माझा धाकटा भाऊ वेंडेल सायकलींचं दुकान चालवतो, आणि त्याला गप्प बसणं कधी जमलेलं नाही.

“तुझी घोडी अर्धा दिवस खाते आणि उरलेला अर्धा दिवस पादते,” तो भर खानावळीत म्हणाला. “जगाचं हवामान बिघडवायला एकटी डोलोरेस पुरे आहे. माझी जाड टायरची सायकल बघा. ना चारा, ना धूर, ना वास.”

“आणि ती सायकल काय झाडाला लागते?” मी म्हणाले. “भट्टीत लोखंड वितळवूनच केली ना? मोडल्यावर तिचं खत होतं का? डोलोरेस रोज खत देते, आणि देताना कुणाला भाषण देत नाही.”

“माझी लाथगाडी दोघांपेक्षा बरी,” लुंडक्विस्टबाई म्हणाल्या. बाईंनी आम्हा दोघांना शाळेत शिकवलं. लाथगाडी म्हणजे लांब पट्ट्यांवर ठेवलेली खुर्ची. मागे एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं बर्फाला लाथ मारत पुढे जायचं. “तुमच्यासारख्या कार्ट्यांना लाथ मारायची जन्मभर इच्छा होती. आता बर्फावर भागवते.”

सगळे हसले, आणि मग हसू मध्येच विरलं. कारण या वादात नेहमी आणखी एक आवाज असायचा. “भांडा, भांडा. माझे पाय खात नाहीत आणि पंक्चरही होत नाहीत,” असं म्हणणारी मॅरिबेल. वेंडेलची बायको. ती सगळीकडे पायी जायची. गेल्या मार्चमध्ये पलीकडून पायीच निघाली, वाटेत धुकं उतरलं, आणि ती आली नाही. बर्फ वितळल्यावर पुरुषमंडळींनी बोटी घालून शोधलं. तिचा एक हातमोजासुद्धा मिळाला नाही.

तेव्हापासून वेंडेलचं हसणं मोठं झालं आणि जेवण कमी. कुठलंही निमित्त काढून तो बर्फावर जायचा. खरं सांगते, माझ्या घोडीचं मला फारसं काही नव्हतं. बाजार सायकलवरून आणायचं ठरलं तर तो रोज एकटा तिकडे जाणार, आणि एक दिवस परतणार नाही, ही माझी भीती होती. म्हणून मला जिंकायचं होतं.

त्यात त्यानं झाडाचा उद्योग केला. आमच्याकडे नाताळ संपला की प्रत्येक घर आपलं नाताळचं झाड उतरवतं, त्यावरचे दिवे-चमक्या काढतं आणि बर्फ तपासून आखलेल्या वाटेवर नेऊन रोवतं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत झाडांची रांग. कितीही वादळ आलं तरी झाडावरून झाड धरत माणूस घरी येतो. वसंतात बर्फ फुटला की झाडं बुडतात. पण ज्या घरातलं माणूस सरोवरानं नेलं, ते घर पुढच्या नाताळचं झाड देत नाही. कारण कुणी बोलत नाही. आमचे बाबा एवढंच म्हणायचे की झाड घरचं असतं, आणि पाण्याला घराची ओळख कशाला करून द्यायची.

वेंडेलनं झाड दिलं. रांगेच्या बरोबर मध्यावर रोवलं, आणि मॅरिबेल लावायची त्या रुपेरी चमक्या तशाच ठेवल्या.

“काढ ते,” मी त्याला म्हटलं.

“झाड म्हणजे झाड, कोरली. रांगेत एक खूण जास्त झाली तर तुझं काय गेलं?”

“आपल्यात देत नाहीत, तुला माहीत आहे.”

“आपल्यात मोटारीलाही घाबरतात,” तो म्हणाला आणि हसला. मी स्वतः ते उपटायला गेले. ते बर्फात असं रुतलं होतं की जणू तिथेच उगवलं असावं. मी घाम गाळून, शिव्या देऊन परत आले.

बाजार कशावरून आणायचा हा वाद मिटवायला गावानं फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शर्यत ठेवली. पलीकडच्या धक्क्यावरून निघायचं, प्रत्येकानं बटाट्यांचं पोतं आणि अंड्यांचा खोका आणायचा, आणि ज्याची अंडी शाबूत आणि जो लवकर, त्याचं वाहन गावाचं. आम्ही तिघंच उतरलो: मी, वेंडेल, आणि लाथगाडीवर लुंडक्विस्टबाई. जाताना आभाळ निळंशार होतं. पलीकडे आम्ही मटाराचं गरम सूप प्यायलो, बाईंनी आपलं पोतं खुर्चीत मुलासारखं बसवून पट्ट्यानं बांधलं, आणि दुपारी आम्ही निघालो.

वेंडेल पहिल्यापासून पुढे. “डोलोरेसला ढकलू का मागून?” असं ओरडत तो गेला. बाई त्याच्या मागे, लाथा झाडत. मी शेवटी, पण माझ्या स्लेजवर तिघांचा बाजार मावला असता, आणि वेंडेलची अंडी वाटेत फुटणार याची मला खात्री होती, त्यामुळे मला घाई नव्हती.

मग धुकं आलं. ते कुठून उतरलं ते दिसलं नाही. पुढचं झाड होतं, आणि मग पुढचं झाड नव्हतं. मी डोलोरेसला चालीवर आणलं. एक झाड मागे पडायचं तेव्हा दुसरं जेमतेम उमटायचं. दूर बेटावर चर्चची घंटा वाजायला लागली. धुक्यात ती वाजवतातच. बाईंच्या लाथगाडीची खरखर घंटेच्या दिशेनं गेली, हे मी कानांनी ऐकलं. सायकलचा आवाज मात्र डावीकडून येत होता. डावीकडे वाट नाही.

चमक्यांच्या झाडापाशी डोलोरेस थांबली. मी चुचकारलं, लगाम झटकला, शेवटी ओरडले. ती कान मागे पाडून उभी राहिली आणि तिच्या अंगावरून थरथर गेली. वारा अजिबात नव्हता, तरी झाडावरच्या चमक्या हलत होत्या.

मी खाली उतरून पाहिलं. वेंडेलच्या टायरचा जाड माग झाडापर्यंत सरळ येऊन डावीकडे वळला होता. आणि झाडाच्या बुंध्यापासून त्या मागाच्या शेजारी बुटांचे ठसे सुरू झाले होते. तिथवर कुणी चालत आल्याची खूण कुठेच नव्हती. ठसे लहान होते, आणि प्रत्येकात पाणी साचलेलं होतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठलं नव्हतं.

डावीकडे झाडांची दुसरी रांग उभी होती.

ती काळी होती, सुयांसारखी पानं झडलेली, आणि तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. तिसऱ्या झाडाला मी ओळखलं. ते आमचंच, गेल्या वर्षीचं; रोवताना शेंडा मोडला म्हणून मी तो लाल दोरीनं बांधला होता. एप्रिलमध्ये हे झाड बुडताना मी किनाऱ्यावरून पाहिलं होतं. मी भित्री नाही, पण त्या वेळी मला आईची आठवण झाली, आणि ती जाऊन जमाना झाला.

सायकल धन्याचं ऐकते, हा तिचा दोष. तिला जिथे वळवाल तिथे ती मुकाट जाते. माझी घोडी नाही म्हणत होती, आणि ती बरोबर होती. पण भाऊ तिकडे गेला होता. मी स्लेजचा दोर कमरेला बांधला, त्याचं दुसरं टोक डोलोरेसच्या पट्ट्यात अडकवलं आणि त्या झाडांच्या बाजूनं चालत निघाले. पायांखाली बर्फ करकरायचा थांबून पचपचायला लागला.

दोर संपत आला तेव्हा वेंडेल दिसला. तो सायकल धरून उभा होता. त्याच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर पाणी सुरू होत होतं, काळं, संथ. झाडांची रांग त्या पाण्यातही पुढे गेली होती. झाडं पाण्यावर ताठ उभी होती.

“वेंडेल,” मी हळूच म्हटलं. “मागे ये.”

“आवाज करू नकोस,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रडू फुटलं. “ती इथवर चालत आली माझ्याबरोबर. आता दमली आहे, कोरली. म्हणते, पाय चालत नाहीत. मी म्हटलं सायकलवर बस, तर सायकलवर जागा एकच. मग म्हणते, तू तिकडे यायला हवं.”

“कुठे आहे ती?”

“ही काय.”

मला काही दिसलं नाही. पण त्याच्या शेजारी बर्फावर पाण्याचे थेंब पडत होते, एकाच जागी, कपडे वाळत घातल्यावर पडतात तसे. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या बुटाखालचा बर्फ तिरका झाला.

मी त्याला ओढलं असतं तर आम्ही दोघं गेलो असतो. ‘ती नाही, ती मेली’ म्हटलं असतं तर त्यानं माझं ऐकलं नसतं. वर्षभर सगळे त्याला तेच सांगत होते. मला राग आला. त्याचा, सरोवराचा, आणि हो, तिचाही.

“मॅरिबेल!” मी ओरडले. “जन्मभर दोन पायांची फुशारकी मारलीस ना? पुरे झाले आता पाय. माझ्याकडे स्लेज आहे, घोंगडी आहे, जागा आहे. डोलोरेस तिघांना नेते. बसायचं तर चल, नाही तर माझ्या भावाला सोड. तो मला हवाय.”

थेंब पडायचे थांबले. वेंडेलनं मान वळवून माझ्या मागे पाहिलं, कुणी शेजारून निघून गेल्यावर पाहतात तसं.

“ती चालली,” तो गोंधळून म्हणाला. “स्लेजकडे.”

“मग तू काय मुहूर्त बघतोयस? ये.”

त्यानं सायकल तिथेच आडवी टाकली आणि माझा हात धरला. आम्ही दोर धरून परत निघालो. आमच्या पुढे, मी येताना उमटलेल्या माझ्या ठशांवर, ओले लहान ठसे उमटलेले होते. मागे काहीतरी हळूच पाण्यात गेल्याचा आवाज झाला, बहुधा सायकलच. मी वळून पाहिलं नाही.

डोलोरेसच्या तोंडाला फेस आला होता, पण ती उभी होती. वेंडेल घोंगडीत बसला, आणि बसताना कडेला सरकला. मी पुढे चढले. घोडीनं ओढायला घेतलं तेव्हा बटाट्याच्या एका पोत्याला आणि दोन माणसांना तिनं इतका जोर लावायला नको होता. घंटेचा आवाज धरून आम्ही चाललो. माझ्या पाठीला ओला गारवा लागत होता, आणि मी मनातल्या मनात येतील तेवढ्या प्रार्थना म्हणत होते.

किनाऱ्यावर लुंडक्विस्टबाई अख्खी अंडी उंच धरून नाचत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे पाहून टाळ्या थांबल्या. कुणी जवळ आलं नाही. मी तशीच स्लेज पुढे काढली.

सायकलींच्या दुकानापाशी रस्ता दोन बाजूंना फुटतो. डावीकडे वेंडेलचं घर, उजवीकडे चढावर दफनभूमी. तिथे मॅरिबेलच्या नावाचा दगड मी आणि बाईंनी बसवला होता. वेंडेल एकदाही तिकडे गेला नव्हता. रिकाम्या जमिनीला काय भेटायचं, म्हणायचा. मी लगाम ओढला.

“कुठे?” मी विचारलं. त्यानं घर म्हटलं असतं तर मी त्याला कायमची मुकले असते, हे मला कळत होतं.

तो मागे कुणाशी तरी कुजबुजला. मग नाक ओढून म्हणाला, “वर. वर घे, कोरली.”

फाटकापाशी मी थांबले. बर्फ कोरा होता, दगडाचा माथा तेवढा दिसत होता.

“जरा थांब,” वेंडेल म्हणाला. “तिला उतरू दे.”

डोलोरेसची एक खोड आहे. गाडीतलं माणूस उतरलं की ओझं कमी झालेलं तिला कळतं, आणि ती न सांगता एक पाऊल पुढे टाकते. आम्ही दोघं जागचे हललो नव्हतो. वेंडेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तो, वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्यानं रडत होता.

डोलोरेसनं एक पाऊल पुढे टाकलं.