मोटरभाऊंची अंघोळ

नळातून एक लांबलचक सुस्कारा आला आणि मागून एक थेंब. तेवढाच.

दिवाळीची पहिली अंघोळ, पहाटेचे साडेपाच, आणि आमचं अख्खं घर तेल-उटणं फासून उभं. सासूबाईंची पद्धतच तशी. आधी सगळ्यांना एका दमात तेल लावायचं, मग एकेकाने बाथरूममध्ये जायचं. पाणी भरून ठेवायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. इमारतीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले आणि खालच्या मोटरने मान टाकली.

"मोटरभाऊंना फोन लावलास?" सासूबाईंनी विचारलं.

"निघालेत," नवरा म्हणाला. बोलताना त्याच्या गालावरचं वाळलेलं उटणं तडकलं.

आमच्या भागातले झाडून सगळे पंप मोटरभाऊंच्या हाताखालून गेलेले. वय पंचावन्नच्या आसपास, खांद्याला पान्यांची पिशवी, डोक्यावर बारा महिने तीच खाकी टोपी. बावीस वर्षांत मी त्यांना टोपीशिवाय पाहिलेलं नाही आणि ही पहाट त्यांनी स्वतःच्या घरी काढल्याचंही कधी ऐकलेलं नाही.

दारातून आमचे अवतार पाहून त्यांना हसू आवरेना.

"वा! सगळी तयारी झाली, अंघोळ तेवढी राहिली."

"चेष्टा पुरे, भाऊ. उजाडायच्या आत पाणी आणा. नाहीतर माझं अख्खं घर नरकात जायचं," सासूबाई म्हणाल्या.

"येऊ द्या की आजी. मी दरवर्षी दुपारी अंघोळ करतो, माझी जागा पक्की आहे तिथे. ओळखीचं कुणी असलं तर बरंच."

वीस मिनिटांत नळ खळाळला. मोटरने हवा धरली होती म्हणे. मग काय, एकच धांदल! मुलीने तर अर्धं उटणं कानामागे तसंच ठेवून अंघोळ उरकली. सासूबाईंनी सगळ्यांना ओवाळलं.

पाणी नीट येतंय ना, हे बघायला भाऊ वर आले तेव्हा तेलाची वाटी सासूबाईंच्या हातातच होती.

"तुमची अंघोळ कधी?"

"होईल. अजून चार इमारती आहेत." भाऊ पिशवीची नाडी ओढू लागले. "आई होती तोवर वाटी घेऊन बसायची. दुपारचे दोन वाजले तरी म्हणायची, तू आलास, आता उजाडलं. घरी आम्ही दोघंच. ती गेल्यापासून ही दुसरी दिवाळी. गेल्या वर्षी तेल लावलंच नाही. आपलं आपण लावायचं, त्यात काय मजा?"

हे सगळं त्यांनी हसतच सांगितलं.

सासूबाईंनी पाट पुढे ओढला. "बस."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या भाऊंशी एकेरीत बोलत होत्या.

"अहो आजी, हात बघा माझे. नुसतं ग्रीस."

"मला डोक्याला लावायचंय. टोपी काढ."

टोपी निघाली. खाली गुळगुळीत टक्कल! मुलगी फिस्सकन हसली, मग नवरा, मग स्वतः भाऊ.

"तेल कमी लागेल," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या आणि त्यांनी टाळूवर हात ठेवला. त्या सावकाश तेल चोळू लागल्या तसे भाऊंचे खांदे हळूहळू खाली आले. एवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"येतो, येतो. थोडा वेळ लागेल. माझी पहिली अंघोळ चाललीय!"

पलीकडचा माणूस बहुधा हसला. भाऊंनी डोळे पुसले. "तेल गेलं डोळ्यात," ते म्हणाले.

"आई, उजाडलं पण," नवरा खिडकीतून म्हणाला. समोरच्या गच्चीवर ऊन आलं होतं.

भाऊ पाटावरून अर्धवट उठले. "जाऊ द्या, आजी. आपलं ठरलेलंच आहे."

सासूबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, तेलकट हातानेच खिडकीचा पडदा सर्रकन ओढला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे अजून उजाडायचंय. अंग चोळ आणि पळ अंघोळीला."

भाऊ अंघोळ करून नवऱ्याचा जुना सदरा घालून येईपर्यंत आम्ही सगळे त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिलो. कुणी दिवा लावला नाही. सासूबाईंनी निरांजन पेटवून भाऊंना ओवाळलं, मग जाऊन पडदा बाजूला केला.

"तू आलास," त्या म्हणाल्या. "आता उजाडलं."

भाऊंनी वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलून ते जिना उतरले.

मी खिडकीत गेले. ते समोरच्या इमारतीकडे भराभर निघाले होते. ऊन चांगलंच वर आलं होतं, पण टोपी त्यांच्या हातातच होती.