तीन केसपेपरांची घडी

मित्रांनो, दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाशेजारी पेशंटसाठी ठेवलेली जुनी लाकडी खुर्ची असते ना, तीच मी. दमलेल्या माणसांना बसवून बसवून आता मीच दमून गेले आहे.

सुताराने मला घडवलं तेव्हा मी चांगली धडधाकट होते. "दणकट आहे हं!" म्हणत डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. त्या एका थापेवर मी कितीतरी वर्षं काढली. पुढे रोज फरशी पुसून पुसून माझा एक पाय खालून कुजला आणि मी डुगडुगू लागले. माझ्याकडे बघायला फुरसत कुणाला? शेवटी कंपाउंडरकाकांनी रद्दीतले तीन जुने केसपेपर काढले आणि घडी करून माझ्या पायाखाली सरकवले. काका भारी शिस्तीचे. नवी तक्रार आली की नवा केसपेपर, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की तो कागद रद्दीत. ते कागद कुणाचे होते, हे त्यांनी पाहिलं नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई त्याच्याही आधीपासून, वर्षभर माझ्यावर येऊन बसत. कधी छातीत धडधड, कधी पोटात गोळा, कधी झोपेचं खोबरं. "तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर दर वेळी सांगत. बाई "बरं" म्हणत. पण माझ्यावरून उठायला त्यांना किती वेळ लागतो, ते फक्त मला कळायचं.

एकदा त्यांची नणंद सोबत आली. "डॉक्टर, वहिनी घरात कशाला हात लावत नाही. रिपोर्ट तर चांगले आहेत, मग ही नाटकं कशाला? आता तुम्हीच सांगा तिला."

बाईंनी माझे हात घट्ट धरले. आज डॉक्टरही तेच म्हणाले असते, तर त्या पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या. त्यांचे गुडघे थरथरू लागले आणि त्यांच्याबरोबर मीही टकटक वाजू लागले. डॉक्टर वैतागून खाली वाकले. नीट घालावी म्हणून त्यांनी ती घडी ओढून काढली, उलगडली आणि वाचतच राहिले.

"बाई, हे तिन्ही कागद तुमचेच आहेत," ते हळूच म्हणाले. "मी तुकडे तुकडे बघत राहिलो. चुकलंच माझं. सकाळपासून काय काय जमतं तुम्हाला, सांगाल?"

"मशीनपाशी बसते. दोरा ओवते. पण पॅडलवरचा पाय हलतच नाही." बाई म्हणाल्या. "लेकीचा शाळेचा ड्रेस कापून ठेवलाय. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले."



"ही नाटकं नाहीत," डॉक्टर नणंदेला म्हणाले. "उदासी आणि भीती, दोन्ही एकदमच मानगुटीवर बसल्यात. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत."

त्यांनी तिन्ही कागद एका टाचणीत अडकवले. बाई दर आठवड्याला येऊ लागल्या. काही आठवडे बरे जात, काहींत पहिले पाढे पंचावन्न. मी मात्र पुन्हा डुगडुगतच राहिले.

मित्रांनो, माझा पाय कुजला तो सर्वांना दिसला. माणसाचं मन खचलेलं असं दिसत नाही. म्हणून तुमच्या घरी कुणी गप्प बसून असेल, तर त्याला नावं ठेवू नका. दिवस कसा गेला, एवढं जवळ बसून विचारा.

गेल्या आठवड्यात बाई आल्या, त्या बसायच्या आधी खाली वाकल्या. त्यांनी माझ्या पायाखाली कापडाची एक जाड घडी सरकवली, चारी बाजूंनी टीप घातलेली. लेकीच्या ड्रेसमधून उरलेलं कापड होतं ते.