गाण्यातले शब्द शोधणारा मोबाइल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या वरच्या कोपऱ्याला तडा गेला आहे. आवाज वाढवायचं बटण दोनदा दाबल्याशिवाय माझं ऐकत नाही, आणि माझ्या जातीचे मोबाइल दुकानात दिसेनासे होऊन बरीच वर्षं झाली. तरीसुद्धा मी रोज कामावर असतो आणि माझं बरं चाललं आहे. ते कसं, हे सांगायला मला आवडेल.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बोटांनी माझे सुटे भाग जुळवले, कुणीतरी मला उजेडाकडे धरून नीट निरखलं आणि खोक्यात बंद केलं. पुढे दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस चमकत उभा होतो. येणारे-जाणारे मला हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. एके दिवशी एक मुलगी आली. तिनं माझा पडदा पाहिला नाही, कॅमेरा पाहिला नाही. मला कानाशी धरून ती दुकानदाराला म्हणाली, "याच्यात आवाज कसा भरला जातो ते दाखवा आधी."

ती मला घेऊन गेली.

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करते. सुरुवातीला मी तिच्यासाठी गजर झालो, टॉर्च झालो, नकाशा झालो. मग तिनं माझ्यात गाणी तयार करायचं एक ॲप घातलं आणि माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला. दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायचं यंत्र बंद झालं की ती मला चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांवर उभं करायची. आवाज घुमू नये म्हणून भोवती टॉवेल गुंडाळायची आणि हळूच गायला लागायची. एकावर एक आवाज रचून आम्ही दोघं गाणं उभं करायचो. बाहेर कुणी चष्मा घ्यायला आलं की तिला कडव्याच्या मध्येच पळावं लागे, आणि मी "आले हं!" हे शब्दही इमानदारीनं भरून ठेवत असे.

प्रत्येक गाणं पहिल्यांदा ऐकायचा मान तिच्या बाबांचा. बाबा आयुष्यभर एका बँडमध्ये ड्रम वाजवत आले होते. मोठ्या मुलीचं लग्न झालेलं, त्यामुळे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आता हे दोघंच राहत. पूर्वी बाबा गाणं ऐकून भांडत. हा शब्द तालात बसत नाही म्हणत, तिथं श्वास का घेतलास म्हणत. धाकटी चिडायची, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्ती करायची. मग हळूहळू ते भांडेनासे झाले. गाणं संपलं की नुसती मान डोलवायचे आणि म्हणायचे, "ठेका छान आहे."

"आणि शब्द?"

"छान. सगळंच छान."

वर्षभरापूर्वी त्यांनी बँडही सोडला. खांदे दुखतात म्हणाले. धाकटीला वाटलं, बाबांचं मनच उडालं गाण्यावरून, आणि आपल्या गाण्यांवरून तर अगदीच. नवं गाणं त्यांच्या हातात देताना तिची बोटं माझ्यावर घट्ट व्हायची, ते मला कळायचं.

अशात तिच्या आत्याच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्यांची अक्का, इस्पितळातली मुख्य परिचारिका. सगळं इस्पितळ तिला टरकून असे आणि तिच्यावर जीवही टाकत असे. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमासाठी धाकटीनं एक गमतीचं गाणं रचलं आणि बाबांनी पूर्वी कधीतरी वाजवलेला ड्रमचा ठेका त्याच्या तळाशी घातला. गाणं माझ्यातून वाजणार, आणि त्याच्यावर बाबांनी समोर बसून ड्रम वाजवायचा, असं ठरलं. बाबांनी आढेवेढे घेतले, पण बहिणीचा कार्यक्रम म्हटल्यावर ते हो म्हणाले.

रविवारी सकाळी तालीम झाली. गाण्यात एका ठिकाणी धाकटीचा आवाज थांबतो आणि नेमका तिथंच बाबांचा मोठा ठोका पडायला हवा होता. पहिल्यांदा तो उशिरा पडला. दुसऱ्यांदा आधीच पडला. तिसऱ्यांदा बाबा काठ्या उगारून नुसतेच बसून राहिले.

"बाबा, शब्द ऐका ना. शब्द संपला की ठोका."

"कुठे आहेत यात शब्द? नुसतं गुणगुणणं चाललंय."

"मी गातेय की स्पष्ट! थांबा, मोठं करते."

तिनं मला स्पीकर जोडला होता. आवाज चढवला तसे बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अगं, ओरडतेस काय! डोकं उठलं माझं!"

कमी केलं तर ऐकू येत नाही आणि वाढवलं तर सोसत नाही. बाबांनी काठ्या ड्रमवर ठेवल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं. अक्काला सांग, मी नुसता टाळ्या वाजवायला येईन." एवढं बोलून ते खाली सायकलवाल्याकडे जाऊन बसले.

संध्याकाळी मोठी बहीण आणि भावजी आले. भावजींना नवनव्या यंत्रांचा भारी सोस. त्यांनी गाणं ऐकलं आणि चुटकी वाजवली. "तुझ्या ड्रमखाली तुझा गळा चिरडतोय. तुला मल्टिबँड कॉम्प्रेसर पाहिजे."

मित्रांनो, नाव अवघड असलं तरी काम समजायला सोपं आहे. गाणं एकसंध वाटतं, पण त्यात थर असतात. तळाशी ड्रमचा दणका, त्याच्यावर गिटार, मग माणसाचा गळा, आणि अगदी वर स, श, त, क अशा अक्षरांची बारीक सळसळ. साधा कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, म्हणजे मग बारीक आवाज वर आणता येतो. पण तो सगळ्या थरांना एकाच हातानं दाबतो. ड्रम दणाणला की बिचारा गळाही त्याच्याबरोबर खाली जातो. मल्टिबँड कॉम्प्रेसर आधी आवाजाचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळा हात ठेवतो. कुणाला दाबायचं आणि कुणाला उचलून धरायचं, हे मग एकेकाचं पाहून ठरवता येतं.

अशी ॲप ढिगानं मिळतात, आणि निवडायचं म्हटलं की माणूस चक्रावतो. धाकटीनं भावजींच्या सांगण्यावरून आधी एक फुकटचं ॲप माझ्यात घातलं. काय त्याचा थाट! सोनेरी चकत्या, लुकलुकणारे दिवे. एक बटण दाबलं की गाणं एकदम भव्य वाटू लागे.

"बघ, कसं उठलं!" भावजी खूश.

"उठलं खरं," धाकटी म्हणाली, "पण सगळंच उठलं. इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालंय, भावजी. मी हळू कुठे गायलेय आणि जोरात कुठे, तेच कळत नाही." शिवाय गाण्याच्या मध्येच त्यात जाहिरात उगवायची. ते ॲप गेलं.

दुसरं फार नावाजलेलं होतं. त्यात हवे तेवढे पट्टे पाडता येत आणि प्रत्येकाचा रंगीत आलेख लाटांसारखा हलत राही. आवाजही सुरेख होता, खोटं कशाला बोलू? पण माझा जीव केवढा! पहिल्या कडव्यातच मी तव्यासारखा तापलो. दुसऱ्या कडव्यात आवाज तुटायला लागला, आणि मग मी काळा ठिक्कर पडलो. धाकटीनं मला खिडकीतल्या वाऱ्यात नेऊन धरलं.

"ॲप नाही, मोबाइल बदल," भावजी सहज म्हणाले. "हा आता ड्रॉवरमध्ये टाकायच्या लायकीचा आहे."

त्या ड्रॉवरमध्ये कोण राहतं ते मला ठाऊक होतं. बंद पडलेलं घड्याळ, गुंता झालेल्या वायरी, आणि माझ्या आधीचा मोबाइल, ज्याच्याकडे कुणी पुन्हा पाहिलंच नव्हतं. धाकटीनं माझ्या तापलेल्या पाठीवर फुंकर घातली. म्हणाली, "चूक त्याची नाही. त्याला पेलेल असं मी काहीतरी शोधते."

भावजी गेल्यावर ती एकटीच शोधत बसली. आता तिनं चकत्या पाहिल्या नाहीत. ॲप किती जागा घेतं, जुन्या मोबाइलवर चालतं का, इंटरनेट नसताना चालतं का, गाण्याच्या ॲपच्या आतच उघडतं का, एवढंच ती वाचत गेली. शेवटी तिला एक साधंसं ॲप सापडलं. करड्या रंगाचा पडदा आणि चारच पट्टे. पण प्रत्येक पट्ट्याखाली एक छोटं बटण होतं. ते दाबलं की बाकीचे पट्टे गप्प होत आणि तेवढाच एक ऐकू येई. मला त्याचं ओझं जाणवलंसुद्धा नाही.

धाकटी ते बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. एकाएकी तिचं बोट थांबलं. ती उठली आणि बाबांसमोर जाऊन बसली. बाबा टेबलाशी बसून नखं कापत होते.

"बाबा, एक गंमत करू या. हेडफोन घाला. ऐकू आलं की बोट वर करायचं."

"आता या वयात परीक्षा घेतेस का माझी?" असं म्हणत त्यांनी हेडफोन चढवला.

तळाचा पट्टा लावताच बोट वर झालं. "हा तर माझा ड्रम!" दुसऱ्याला बोट वर झालं. तिसऱ्याला बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले आणि बोट अर्धवट उचललं. "आहे काहीतरी. लांब कुणीतरी कुजबुजतंय." मग धाकटीनं चौथा लावला.

बाबा वाट पाहत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "लाव ना."

"लावलाय, बाबा."

"नाही गं. बंद आहे."

धाकटीनं मला त्यांच्यासमोर धरलं. माझ्या पडद्यावर चौथ्या पट्ट्याची रेघ जोरजोरात उड्या मारत होती. बाबांनी ती रेघ पाहिली, मग धाकटीकडे पाहिलं. हेडफोन काढून त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

"म्हणजे तू इतके दिवस जे गात होतीस..."

"तुम्ही छान म्हणायचात."

"काय म्हणणार मग? तू एवढी आशेनं बघायचीस." त्यांनी नखांचा कचरा हातानं गोळा केला, पुन्हा पसरला. "खांदे नव्हते दुखत माझे. बँडमास्तर काय ओरडतोय तेच कळायचं नाही. दोनदा भलतीकडेच ठोका पडला. पोरं हसली नाहीत, हेच जास्त लागलं."

धाकटीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "मला वाटायचं, तुम्हाला माझी गाणी आवडत नाहीत."

"वेडी आहेस," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "आवडतात की नाही ते ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

दोघंही हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही कामाला लागलो. तळाचा पट्टा धाकटीनं दाबून धरला, म्हणजे ड्रमनं कुणाच्या अंगावर जायचं नाही. चौथा पट्टा बाबांच्या हाती लागणारा नव्हता, त्याच्या नादी ती लागली नाही. सगळी मदार तिसऱ्यावर होती. तिथले हळू आवाज तिनं उचलले, मोठे आवरले. बाबा हेडफोन लावून सूचना करत होते. "अजून थोडं. आता टोचतंय. हां, एक पाऊल मागे." आणि मग, मित्रांनो, बाबा एकदम ताठ झाले. गाण्याचे शब्द असे होते :

एक होती बहीण, एक होता भाऊ,
ती म्हणायची थांब, तो म्हणायचा जाऊ.
भाऊ शिकला सायकल, भिंत आडवी आली...

आणि इथंच तो मोठा ठोका होता.

"अगं, हे माझ्यावर आहे!" बाबा ओरडलेच. "अक्कानं सांगितलं ना तुला? खोटारडी! भिंत होतीच आडवी! काल नव्हती तिथे!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे तो ठोका माझ्या डोक्याचा होय! आधी नाही का सांगायचंस?"

"गाण्यातच सांगितलं होतं, बाबा."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा वाजलो. त्या रात्री किती वेळा वाजलो, कोण जाणे.

कार्यक्रम इस्पितळाच्या जेवणघरात झाला. बाबांच्या कानांवर हेडफोन, आणि दोन फाटे असलेल्या एका वायरीनं हेडफोन आणि स्पीकर दोन्ही मला जोडलेले. आत्या पहिल्या रांगेत कडक चेहऱ्यानं बसली होती. "भिंत आडवी आली" हे शब्द संपले आणि त्याच क्षणी बाबांचा ठोका असा पडला की टेबलावरचे पेले किणकिणले. आत्याच आधी हसली, इतकी की तिच्या पोरीबाळींसारख्या परिचारिका उठून तिला पाणी द्यायला धावल्या. गाणं संपल्यावर तिनं भावाचा कान पकडला. "एवढा नेमका कधीपासून वाजवायला लागलास रे?"

"ऐकू यायला लागल्यापासून," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. मला वाटतं, तो त्यांचा त्या दिवसातला सगळ्यात धाडसाचा ठोका होता. पुढच्या आठवड्यात आत्याच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं त्यांच्या कानात बसवलेलं छोटं यंत्रही म्हणे आवाजाचे पट्टेच पाडतं आणि ज्याला गरज आहे त्यालाच उचलतं.

मित्रांनो, आता धाकटीकडे फोन करायला नवा मोबाइल आहे. मी फक्त गाण्यांसाठी आहे. ती मला भर उन्हात ठेवत नाही, रात्रभर चार्जिंगला लावत नाही, नको असलेलं काही माझ्यात साठू देत नाही. मी तिची कुठलीच कामं रखडवत नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर ते फेकण्याआधी त्याला काय पेलतं ते एकदा पाहा, एवढीच माझी विनंती आहे. आणि घरातलं कुणी नेहमीच "छान, सगळंच छान" म्हणत असेल, तर जरा जवळ बसून विचारा, की तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?

काल धाकटीनं नवं गाणं ऐकवलं. बाबा म्हणाले, दुसऱ्या कडव्यातला 'श' फार टोचतो, आणि शेवटची ओळ तर पार फसली आहे. ती तणतणत मला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि तिथं एकटीच केवढी तरी हसली.