वरच्या पट्ट्यातली हळद

गुरुवारी सकाळी सात वाजता लालासाहेबांनी वरच्या पट्ट्यातलं हळदीचं एक झाड धरून ओढलं. जोर लावावाच लागला नाही. झाड अलगद हातात आलं आणि खालचा गड्डा बोटांत पिचला. आतला पिवळा रंग गेला होता. होता तो तपकिरी चिखल, आणि त्याचा वास त्यांना दोन वर्षांपासून ओळखीचा होता.

हेच झाड खालच्या पट्ट्यात निघालं असतं तर ते पुढच्या झाडाकडं वळले असते. खालचा पट्टा मरायलाच ठेवला होता. वरचा जगायला हवा होता.

आष्ट्याजवळ लालासाहेबांचं रान. बहुतेक ऊस, आणि विहिरीच्या अंगाला बारा गुंठे हळद. फौजेतून सुभेदार म्हणून परत आल्यावर त्यांनी उसाचं सगळं गड्यांवर सोपवलं, हळद मात्र स्वतःकडं ठेवली. कारण तिचं बेणं घरचं होतं. आजोबांच्या वेळेपासून दरवर्षी काढणी झाली की जेठे, म्हणजे झाडाच्या बुडाचे मुख्य गड्डे निवडायचे, सावलीत पाल्याखाली झाकायचे आणि अक्षय्य तृतीयेला पुन्हा जमिनीत घालायचे. बाकी गावानं कधीच जास्त उताऱ्याचं बेणं आणलं होतं. ही जुनी हळद उताऱ्याला कमी, पण रंगाला अशी की शिजवणाऱ्या माणसाचे हात आठवडाभर पिवळे राहत. मग कंदकूज आली. दोन हंगामांत दीड एकराची हळद बारा गुंठ्यांवर आली. हे बेणं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि धान्यासारखं ते कणगीत भरून ठेवता येत नाही, दरवर्षी लावावंच लागतं. बारा गुंठे गेले की आजोबांची हळद गेली. हे लालासाहेबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शरयू सांगलीची. पिकांच्या रोगांवर काम करणारी, एका प्रयोगशाळेत नोकरीला. कुजक्या गड्ड्यांचे नमुने मागत ती गावात आली होती, आणि लालासाहेबांनी दिलेला चहा पिता पिता तिनं आपलं म्हणणं मांडलं. कूज आणणारी बुरशी मातीत असते, पाण्यातून पसरते. तिला खाणारी दुसरी बुरशीही मातीतच असते, ट्रायकोडर्मा. ती शेणखतात गूळ घालून वाढवायची, बेण्याला चोळायची, पाण्यात कालवून मुळांशी ओतायची, म्हणजे आळवणी करायची. जोडीला जस्ताचे अतिसूक्ष्म कण, नॅनो, अगदी मोजून. कूज त्यानं अडते आणि झाड तग धरतं. पण माप चुकून वाढलं तर चांगली बुरशीही मरते.

पांढरट पाण्याची ती लहानशी बाटली बघून शेजारचा सिद्धू म्हणाला होता, "एवढ्यात बारा गुंठं? मॅडम, अत्तर हाय का औषध?"

बारा नाही, आठच गुंठे, असं शरयूनं सांगितलं. उरलेल्या चार गुंठ्यांत काही घालायचं नव्हतं. तिथं लालासाहेब पहिल्यांदा अडले.

"म्हंजे चार गुंठं मुद्दाम मारायची?"

"मारायची नाहीत काका. काही करायचं नाही, एवढंच. नाहीतर वरची हळद औषधानं वाचली की नशिबानं, ते कुणालाच सांगता येणार नाही."

लालासाहेबांच्या पत्नी रंगूबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दोन पोरं असली तर एकाला दूध पाजायचं आन् दुसऱ्याला बघत बसवायचं. शिकल्याली मानसं."

लालासाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला. एकदा हो म्हटल्यावर मात्र त्यांनी शरयूचा शब्द हुकूम मानला. औषध विनातक्रार मापानं घातलं, जरा जास्त घातलं तर बरं, हा मोह न झालेले गावात ते एकटेच. बिनऔषधाचा पट्टा उताराच्या खाली, म्हणजे तिथलं पाणी वर चढणार नाही. दोन्हीकडं ठिबक वेगळं. खालच्या पट्ट्याच्या खुरप्याला लाल चिंधी. आणि रोजचा नियम एकच: आधी वर जायचं, मग खाली. खालून वर कधीच नाही.

श्रावणात खालचा पट्टा पिवळा पडू लागला. वरचा काळाभोर हिरवा राहिला, पानं छातीला लागायची. माणसं रस्त्यावर गाड्या थांबवून बघू लागली. रंगूबाई खालच्या अंगाला जायचं टाळत, पण त्यांचं दोन पोरांचं बोलणं बंद झालं. गावातल्या शेतकरी मंडळानं शिवारफेरी ठरवली. शिराळ्याकडचे हळदवाले, साताऱ्याकडचे आलं लावणारे, अशी पन्नास-साठ माणसं यायची होती. आल्यालाही हीच कूज लागते.

पाहुण्यांना आधी मेलेलं दाखवायचं आणि मग जगलेलं, हे उघडच होतं. म्हणजे खालून वर. शरयूनं त्यासाठी मोठा पसरट ट्रे आणून दिला, त्यात ब्लीचिंगचं पाणी. वरच्या बांधावर ठेवा, चपला त्यात बुडवल्याशिवाय एकालाही आत सोडू नका, असं तिनं दोनदा बजावलं. ती स्वतः येणार होती. पण त्याच दिवशी तिला खंडाळ्याच्या बाजूला आल्याच्या दुसऱ्या प्लॉटवर बोलावलं गेलं. लालासाहेब फोनवर म्हणाले, तुमी निवांत जावा, हितं मी हाय.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. खालच्या पट्ट्यात घोट्याएवढा चिखल. पाहुण्यांनी तिथं गड्डे उपटले, हुंगले, एकमेकांच्या हातात दिले. मग सगळे वर आले. वरच्या बांधावर लालासाहेब ट्रेपाशी उभे राहिले आणि त्यांनी माणसांची एकेरी रांग लावली. डावी, मग उजवी, तळ पुरता बुडला पाहिजे. कुणी टाच वर ठेवली तर त्याला परत पाठवलं.

"सुभेदार, मुंडकी बी बुडवू का?" सिद्धूनं विचारलं. रांग हसली.

"तुजं बुडवून उपेग न्हाई. पुढं हो."

एकाचीही चप्पल सुटली नाही. मग सगळ्यांनी त्या ओल्या चपला बांधावर ओळीनं मांडल्या आणि अनवाणी हळदीत शिरले.

तसं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. हळद नवरीच्या अंगाला लागते, देवाच्या कपाळाला लागते, तिच्यात कुणी चप्पल घालून जात नाही. खालच्या पट्ट्यातही ते असेच, चपला बांधावर काढून उतरले होते. ज्या चपला ट्रेमध्ये बुडाल्या, त्यांच्या तळाला खालचा चिखल लागलाच नव्हता, तो पायांना होता.

शिवारफेरी नावाजली गेली. साताऱ्याच्या एका आलेवाल्यानं लालासाहेबांना शाल घातली. आणि दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी तो गड्डा हातात फुटला.

शरयू दुपारपर्यंत आली. तिनं पट्टा आडवा-उभा पाहिला. पिवळी पडलेली झाडं कुठंही विखुरलेली नव्हती. ती दोन सऱ्यांच्या कडेनं, एका रेषेत, विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन वळत होती. माणसं त्याच वाटेनं फिरली होती. शरयू बांधावर येऊन उभी राहिली.

"ट्रेमधून सगळे गेले होते ना?"

"सगळं. मी सोता हुबा हुतो."

"पाय पूर्ण बुडवून?"

"पाय न्हाई, चपला. तुमी चपला म्हनला हुता. चपला बुडवून हितं काडल्या आन् मग आत ग्येले." बोलता बोलताच लालासाहेबांचा आवाज खाली आला. "हळदीत चपला घालून कोन जातंय, मॅडम."

लहानपणी आत्याच्या रानात शरयूही चपला काढूनच हळदीत जायची. सूचना देताना तिच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेचं दार होतं. हे तिनं त्या वेळी सांगितलं नाही. पुढं काढणीच्या दिवशी सांगितलं, तेव्हा लालासाहेब फक्त "आसंल" म्हणाले.

औषध दुप्पट करावं का, हे त्यांनी विचारलं. नको, कूज मरेल की नाही सांगता येत नाही, पण चांगली बुरशी नक्की मरेल, ती म्हणाली. रेषेतली झाडं आणि दोन्ही बाजूंची एकेक सरी खणून काढायची, खड्ड्यांत चुना भरायचा, ठिबक बंद ठेवायचं. दोघा गड्यांना घेऊन लालासाहेबांनी ते दोन दिवसांत केलं. निरोगी दिसणारी झाडंही उपटावी लागली. रंगूबाई बांधावर बसून होत्या, मदतीला उतरल्या नाहीत.

मग परतीचा पाऊस आला आणि हटेना. पाणी चुन्यावरून वाहिलं. खणलेल्या जागेच्या पलीकडं पिवळं दिसू लागलं.

"आवं, मोरचूद वता आता," रंगूबाई म्हणाल्या. "बास झालं त्ये बुरशीनं बुरशी मारायचं."

लालासाहेबांनी शरयूला फोन लावला. तांब्याच्या त्या मोरचुदानं कूज थोपेल का? थोडी, कदाचित. आणि ट्रायकोडर्मा? तो संपेल. मग काय करावं? ती म्हणाली की काका, मला माहीत नाही, मी असते तर थांबले असते.

ते थांबले. दिवाळीपर्यंत वरचा पट्टा अर्धा झाला. सिद्धूनं थट्टा सोडून दिली, ते लालासाहेबांना जास्त लागलं. बघायला कुणी येईना. साताऱ्याच्या आलेवाल्याचा एकदा फोन आला, हळद कशी आहे विचारायला. बरी हाय, असं सांगून त्यांनी तो ठेवला.

जानेवारीत काढणी केली. खालच्या पट्ट्यात बेण्याजोगं काहीच निघालं नाही. वरच्या आठ गुंठ्यांतून वरून धड दिसणाऱ्या गड्ड्यांचे तीन क्रेट भरले. टणक होते, साल चकचकीत होती. रंगूबाईंनी एक गड्डा घेऊन नखानं खरवडला. आत तोच गडद रंग होता. त्यांनी तो परत क्रेटमध्ये ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

शरयूनं तिन्ही क्रेटमधून मिळून दहा गड्डे तपासणीला नेले. कूज आत दडून असली तर वरवरचा काप घेऊन सापडेलच असं नाही, म्हणून गड्डा पूर्ण बारीक करावा लागतो. निकाल तिनं फोनवर सांगितला. दहांपैकी सात गड्ड्यांत कूज होती. तीन स्वच्छ होते. आणि ट्रायकोडर्मा दहाही गड्ड्यांवर जिवंत सापडला.

"जिवंत हाय म्हंजे?"

"म्हणजे तो काम करत होता. अजून करत असेल. इतकी कूज एकदम आली की त्याला किती जमतं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

"आन् ह्या क्रेटातलं चांगलं कुटलं, त्ये?"

"तपासल्याशिवाय कळणार नाही, काका."

"आन् तपासल्यावं लावायला उरत न्हाई."

"नाही."

जे तीन स्वच्छ निघाले, ते तपासणीतच संपले होते.

शरयूच्या सांगण्यावरून उरलेलं बेणं पुन्हा एकदा ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवलं, मापानं नॅनो दिलं, सावलीत सुकवलं आणि गोठ्याच्या मागं पाल्याखाली झाकलं. ते कुठल्या रानात लावायचं हे अजून ठरलेलं नाही. हळदीच्या रानात आता कूज आहे, आणि उसाच्या रानात ती नेऊन घालायला रंगूबाई तयार नाहीत. लावायचंच का, हेही त्यांनी एकदा विचारलं. लालासाहेब पाला सारखा करत राहिले.

रविवारी सकाळी त्यांनी पाला उचलून बेणं चाळलं. वरचा थर कोरडा होता. मधल्या थरातला एक गड्डा अंगठ्याखाली दबला. तो त्यांनी बाहेर काढला, त्याला लागून असलेले गड्डे हातात घेऊन पाहिले. ते टणक होते. थोडा वेळ हातातच धरून त्यांनी ते परत ठेवले आणि वर पाला ओढला. अक्षय्य तृतीयेला अजून अवकाश आहे.