वकिलाच्या कोटावरचे तांदूळ

शिंप्याने वकिलाचा काळा कोट कापायच्या टेबलावर पसरला आणि तो कडाडला, "अगं, हजारदा सांगितलं, इथे बसून भात खाऊ नकोस म्हणून!"

काळ्या कापडावर दोन पांढरी शितं स्पष्ट दिसत होती. काजं करत बसलेल्या बायकोने मान वर केली. "मी काय गिऱ्हाइकाच्या कोटावर पंगत मांडते?"

माणूस तसा वाईट नव्हता. पण आई गेल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आईच्या मागे राहिली होती तिची ठकी, तिच्या मांडीवर वाढलेली मांजर. आणि ठकीही सुकत चालली होती. पाठीचा कणा हाताला टोचे, केसांची रया गेलेली. 'म्हातारीचा ध्यास घेतलाय हो तिने,' शेजारीपाजारी हळहळत, आणि शिंप्याला ते पुरतं पटलं होतं. शोकावर कसलं आलंय औषध? तो तिला खुशाल कपड्यांच्या ढिगावर झोपू देई, आणि मशीन चालवता चालवता तिचं पोट हलतंय ना, हे वळून वळून बघे. आईची तेवढीच एक जिवंत खूण उरली होती, आणि तीही हातची चालली होती.

बायकोला मात्र शंका होती. "शोक करणारी मांजर वाटी चाटूनपुसून आणखी मागते का हो?" पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण!

शिंप्याने शीत उचलायला बोट पुढे केलं. शीत आखडलं, लांबलं आणि पुढे सरकलं.

"अगं, भात चालतोय!" तो भिंतीला जाऊन टेकला.

बायकोने वाकून पाहिलं. मग सरळ जाऊन झोपलेल्या ठकीची शेपटी उचलली. खाली तसलंच एक शीत चिकटलेलं. "घ्या! हा माझा भात नाही. तुमच्या लाडकीच्या पोटातून आलाय." तिने दाणे कागदात गुंडाळले, ठकीला टोपलीत कोंबलं आणि नवऱ्याला चपला घालायला लावल्या.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली. "पट्टकृमीचे तुकडे आहेत हे. वाळले की तिळासारखे दिसतात." त्यांनी ठकीच्या अंगावरून बारीक फणी फिरवली, तर पिसवा निघाल्या. "अंग चाटताना ही पिसू गिळली जाते आणि तिच्यातून हे जंत पोटात जातात. आणखी कुठले आहेत का, ते विष्ठा तपासून बघू. गोळी देते, पिसवांचंही औषध देते. अंथरुणं धुऊन काढा. भरेल अंग, वेळेवर आणलंत."

"म्हणजे... जगेल?"

"चांगली दांडगी होईल."

ठकीने डॉक्टरीणबाईंच्या हातावर पंजा मारला. शिंपी मटकन खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"अहो, ती बरी होणार म्हणताहेत ना!" बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो ना," तो डोळे पुसत म्हणाला. "इतके दिवस वाटत होतं, आईसाठी ती रडतेय. आता ते मलाच करायला हवं."