अकरा नंबरची नारिंगी बंडी

हो, मीच बोलतेय, फेरेओलची नारिंगी बंडी. पाठीवर अकरा आकडा, डावा खिसा फाटका आणि अंगाला ओल्या कुत्र्याचा वास. तो वास मुळात माझा नाही, पण इतक्या वर्षांच्या संगतीने माझाच झालाय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. शिलाई मशीनची घरघर आणि एका बाईचा खोकला, एवढंच लक्षात आहे. मी या गावात का आले, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. फ्रान्समधल्या आमच्या सेवेनच्या डोंगरात हिवाळाभर दर रविवारी रानडुकरांचा हाका निघतो, म्हणजे कुत्री आणि हाकारे डुकरं उठवतात आणि दबा धरलेल्या बंदुकांकडे पिटाळतात. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका हाक्यात फेरेओलने नेच्यांच्या रानात हालचाल पाहिली, डुक्कर समजून गोळी झाडली आणि ती त्याच्या जिवलग मित्राच्या, एलीच्या गुडघ्यात घुसली. मग शिकारी मंडळाला जाग आली आणि आम्ही बारा बंड्या गावात आलो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

लोकांना वाटतं माझा भडक रंग डुकरासाठी आहे. छे हो, डुकराला मी राखाडीच दिसते म्हणतात. माणसाला माणूस दिसावा, एवढ्यासाठी माझा जन्म.

त्या दिवसापासून फेरेओलने बंदूक कपाटात ठेवली ती ठेवलीच. हाक्याला तो यायचा तो नुसता कुत्री घेऊन, गळ्यात शिंग अडकवून. दर हिवाळ्यात एलीच्या अंगणातली लाकडं न सांगता फोडून द्यायचा. एली लंगडत मंडळाच्या खोपीत यायचा आणि सूप पिता पिता सगळ्यांदेखत त्याला डिवचायचा, "याचा नेम बघा. डुक्कर समजून मारलं, तरी मला नीट मारता आलं नाही याला." सगळे हसायचे. फेरेओलही हसायचा. पण मी त्याच्या छातीवर असायचे ना, मला कळायचं की आत काहीच हसत नाहीये. एलीने त्याच्याशी बोलणं कधी सोडलं नाही, पण माफ केलं असंही कधी म्हटलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारी वरच्या कुरणात एकामागून एक ट्रक चढले. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या आणि बघता बघता पाच-सहाशे पोरं नाचायला लागली. ना कुणाला विचारलं, ना कुणाला सांगितलं. रविवारी सकाळीही तो धडधडाट थांबला नव्हता. खोपीतल्या ताटल्या फळीवर थरथरत होत्या आणि कुत्री टेबलाखाली शिरून बसली होती.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष रेजिस म्हणजे भलताच तापट माणूस. त्याचा पारा चढलेला असतानाच पोलीस चौकीची सोलेन आली. डोळे तांबारलेले, बुटांना चिखल. आजचा हाका रद्द करा म्हणाली.

"मॅडम, डुकरं कुरणं उकरतात तेव्हा लोक माझ्या दारात येऊन उभे राहतात," रेजिस म्हणाला. "परवाना आमच्याकडे आहे. त्यांना हाकला की. आम्हाला कशाला थांबवता?"

"सदतीस गावांना मी आणि दोन शिपाई," सोलेन म्हणाली. "सहाशे पोरांवर काय मंतरलेलं पाणी शिंपडू?"

मला दोघांचीही कीव आली. दोघांचंही खरं होतं, आणि खरं बोलणारी दोन माणसं समोरासमोर आली की भांडण लवकर मिटत नाही. शेवटी तडजोड झाली. हाका फक्त खालच्या घळीत करायचा, आणि कुरणातून घळीत उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी सोलेनचा एक शिपाई उभा राहील. एक शिपाई रस्त्यावर आधीच उभा होता, दारू तपासायला गाडी चालवणाऱ्यांना नळीत फुंकर मारायला लावत.

हाका सुरू झाला आणि अर्ध्या तासात खाली महामार्गावर दुधाचा टँकर कलंडला. पायवाटेवरच्या शिपायाला तिकडे धावावं लागलं. दुसरं होतं कोण? हे आम्हाला मागाहून कळलं.

घळीत धुकं उतरलं होतं. फेरेओल कुत्र्यांच्या मागे मागे ओढ्यापर्यंत आला तर त्याची म्हातारी कुत्री फानी शेपूट हलवत कुणाचे तरी हात चाटत उभी. एक मुलगी होती, विशीची असेल. गारठलेली, खांद्याला पिशवी. अंगावर जुन्या बाजारातले हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे फौजी कपडे. काय जमाना आहे बघा. शिकाऱ्यांनी हिरवं टाकून नारिंगी घातलं, आणि त्यांनी टाकलेलं हिरवं नाचणाऱ्या पोरांनी उचललं. दहा पावलांवर ती मला दिसली नसती.

नाव विचारलं तर ओरियान म्हणाली. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून बस गाठायला ती एकटीच पायवाटेने निघाली होती. शिकार चालू असल्याचा फलक तिने पाहिला होता, पण फलक काय, वर्षभर तिथेच असतो, असं तिला वाटलं. तिचं तरी काय चुकलं? तो खरोखरच वर्षभर तिथे असतो. काढायचा कंटाळा रेजिसलाच.

फेरेओलने शिंग तोंडाला लावलं. तीन लांब फुंकरी, म्हणजे हाका थांबवा, बंदुका रिकाम्या करा. पण वरच्या धडधडाटात त्या फुंकरी कुठल्या कुठे विरून गेल्या. घळीत फोनला रेंज नाही. मागे वळावं तर वरून बाकीच्या कुत्र्यांनी उठवलेली डुकरं आणि हाकारे येत होते. पुढे घळीच्या तोंडाशी तीन बंदुका बसल्या होत्या, त्यातली एक एलीची.

त्याने मला अंगातून काढलं आणि ओरियानला घातलं. आत नुसता तपकिरी स्वेटर राहिला. रानडुकराच्याच रंगाचा, उगाच कशाला लपवू?

"आजोबा, आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"आपण एलीच्या जागेकडे निघू," तो म्हणाला. "चार पाय दिसल्याशिवाय तो बंदूक उचलत नाही. माझ्यामुळेच लागलीय ती सवय त्याला."

शहाणपणाने पाहिलं तर मला, म्हणजे त्या मुलीला, पुढे चालवायला हवं होतं. पण ज्याच्या हातून एकदा गोळी सुटली त्याला एका पोरीला बंदुकीपुढे चालवणं काही जमलं नाही. तो पुढे झाला. वाकून, काठीने काटे बाजूला सारत. नेचे त्याच्या खांद्याला लागत होते, ती त्याच्या पाठीला चिकटून चालत होती आणि मी दोघांच्या मधे चेपले होते. तो एलीला हाका मारत होता, पण त्या ठेक्यात मलासुद्धा त्याचा आवाज धड ऐकू येत नव्हता.

नेचे संपता संपता फेरेओल जागच्या जागी थांबला. तो का थांबला म्हणून ओरियानने बाजूने डोकावून पाहिलं, आणि मी अर्धीमुर्धी त्याच्या आडून बाहेर आले. तीस पावलांवर एका खोडावर एली बसला होता. बंदूक खांद्याला लागलेली, नळी सरळ फेरेओलच्या छातीवर.

मला हात असते तर मी स्वतःला फडकवलं असतं. बंडीने काय करायचं? दिसायचं, बस.

नळी हळूहळू खाली आली. एलीने गोळ्या काढल्या, त्या हातातून गवतात पडल्या. फेरेओल धावत त्याच्यापाशी गेला आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"नेच्यांखालून चार पाय मोजले मी," एली म्हणाला. "नीट मोजले रे. दोन तुझे, दोन तिचे. शपथेवर सांगितलं असतं की डुक्करच आहे."

एलीने फेरेओलच्या स्वेटरची छाती मुठीत धरली, तिथे मी असायला हवी होते, आणि म्हणाला, "नऊ वर्षं मी समजत होतो की तू नीट बघितलंच नव्हतंस."

मग दोघं म्हातारे रडले. ओरियानला काय झालं ते कळलं नाही, पण तीही रडली. मी तिच्या अंगावर होते म्हणून तिचं हुंदके देणं मला पुरतं जाणवलं.

पुढचं तिनेच केलं. कडेने चढून कुरणात गेली, सोलेनला गाठलं आणि दोघी मिळून त्या ट्रकवाल्यांकडे गेल्या. मी तिच्या अंगावर तशीच. पोरांनी ऐकून घेतलं आणि एका झटक्यात सगळं बंद केलं. इतकी शांतता पडली की ओढ्याचं पाणी कुरणापर्यंत ऐकू यायला लागलं. मग खालून फेरेओलचं शिंग वाजलं, तीन वेळा. घळीतल्या सगळ्या बंदुका रिकाम्या झाल्या. रेजिससुद्धा मुकाट्याने खोपीत परतला.

बंडीशिवाय हाक्यात फिरल्याबद्दल सोलेनने फेरेओलवर रीतसर दंडाचा कागद लिहिला. लिहिताना म्हणाली, "नियम आहे, काका. मला माफ करा." त्याने सही करून तिला कॉफी ओतून दिली.

त्या दिवसाने म्हणे सगळं सुधारलं, असं मी सांगणार नाही. पोरं या वसंतात पुन्हा आली, रेजिस पुन्हा ओरडला, आणि सोलेनकडे अजून दोनच शिपाई आहेत. एवढंच झालं की मंडळाने नव्या बंड्या घेतल्या आणि आम्हा जुन्यांना पायवाटेच्या तोंडाशी खिळ्यांवर टांगलं. जाणाऱ्याने घालावी, परत येऊन टांगावी. नसेल यायचं तर खालच्या बसथांब्यावर ठेवावी.

माझा रंग आता उडालाय, शिवण उसवलीय. अळंबी वेचणाऱ्या बायका मला घालतात, नाचून दमलेली पोरं घालतात, एकदा तर सोलेननेही घातलं. तेव्हा बाबांनो, इथून जाल तर लाजू नका. मी कुणाची बाजू घेत नाही. मला घाला आणि मगच रानात शिरा.

दर रविवारी एली आणि फेरेओल येऊन खिळे बघून जातात. परवा माझ्या शेजारचा खिळा रिकामा होता. कुणी पळवली असेल, म्हणून फेरेओल चुकचुकला.

"पळवली कसली," एली म्हणाला. "कुणाच्या तरी अंगावर असेल."